घरच्या माणसाला बसवाल का?

सखूवहिनींचं नाव आधी घेतो. हा लेख रघुनाथरावांवर आहे आणि रीतीप्रमाणे त्यांच्याच नावाने सुरुवात व्हायला हवी, हे मला कळतं. पण मी आज ठाण्यात आहे, अप्पांच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवतो आहे आणि तिकडे मालवणात आईची चूल पेटते आहे, ती रावांच्या पत्नीने, म्हणजे सखूवहिनींनी, एका दुपारी विचारलेल्या एका प्रश्नामुळे. त्या प्रश्नावर राव पुढे कायम हसत राहिले आणि त्याच प्रश्नावर त्यांनी कितीतरी पायगाड्या, म्हणजे बायसिकली, पारखल्या. म्हणून आधी वहिनी, मग राव. ते असते तर त्यांनीही हाच क्रम लावला असता.

बातमी घेऊन वहिनींचे भाऊ आले, कल्याणहून येऊन ते आधीच रावांच्या घरी मुक्कामाला होते. मी खिळ्यांच्या पेटीपुढे उभा होतो. ते दारातच थांबले आणि म्हणाले, "राव गेले. पहाटे." तापाने त्यांना काही दिवस धरलेलं होतं, पण असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं... आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटून आलेलो. खाटेवर घोंगडी पांघरून पडले होते, आवाज बारीक झाला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "राव, छापखान्यात नवी गाडी आली आहे. तिचाकी, दोन बैठकांची. फार छान आहे." त्यांनी एक डोळा उघडला.

"बसलास?"

"अजून नाही."

"मग छान आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसते छान."

"दिसायला अप्पांची पगडीही छान दिसते. म्हणून तिच्यावर बसतोस काय?"

आतून वहिनी हसल्या, मग राव हसले, मग त्यांना खोकला आला. माझ्याकडे रावांचं शेवटचं जे काही आहे ते हे हसू. त्यामुळे त्यांच्यावर रडका लेख मला लिहिता येणार नाही. वाचकांनी मला क्षमा करावी.

क्षमा आणखीही एका गोष्टीसाठी मागायला हवी. मी तिसरी इयत्ता होताच शाळा सोडली. वडील होडीवर असत, ते गेले, आणि मामाने मला आगबोटीत बसवून दिलं. मुंबईत माझा टिकाव लागेना, मिळेल ते काम धरत मी ठाण्याला येऊन पोचलो. इथे अप्पांनी ठेवून घेतलं. अप्पा म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे मालक, तेच संपादक आणि बातम्या कमी पडल्या तर बातमीदारही तेच. मला खिळे उलटे वाचता येतात, पण बोरू घेऊन सरळ लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घ अंगावर येतात. हा लेखही मी कागदावर लिहिलेला नाही. रावांचं बोलणं जुळवत असे तसाच पेटीपुढे उभा राहून थेट खिळ्यांत जुळवतो आहे. चुका राहिल्या तर अप्पा काढतील.

आमच्या छापखान्याची एक रीत होती. कुणी पुस्तक, पंचांग, साबणाची वडी, छत्री, काहीही 'अभिप्रायार्थ' म्हणून पाठवलं की अप्पा ते टेबलावर ठेवत, त्याच्याकडे बराच वेळ बघत आणि गोड असा मजकूर लिहून काढत. पुस्तक असलं तरी ते उघडतच असं नाही. त्यांच्या मनात कपट नसे. पाठवणाऱ्याचा मान राखायचा, एवढीच समजूत. काढ्याची बाटली आली तर मात्र ती सासूबाईंना पाजून बघत. तर अशात फोर्टातल्या एका दुकानाने पायगाडी पाठवली. छापखान्यात पायगाडी येण्याची ती पहिलीच वेळ. अप्पांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, घंटी वाजवून पाहिली आणि बसून लिहिलं, 'आकार सुटसुटीत, बांधणी मजबूत, अंतरंग व बहिरंग दोन्ही मनोवेधक. किंमत बेताची. प्रत्येक सुज्ञ गृहस्थाने एक तरी संग्रही ठेवावी.'

ते वाचून एका सुज्ञ गृहस्थाने खरोखरच एक घेतली. ते रघुनाथराव. सरकारात देवी टोचण्याच्या कामावर होते. घोडबंदरच्या रस्त्यावरच्या पाड्यांपासून ते ठाकुर्ली-डोंबिवलीच्या शेतातल्या वस्त्यांपर्यंत मुलांना देवी टोचत फिरायचं, मिळाली तर बैलगाडी, नाही तर पायी. असा माणूस पायगाडीचं कौतुक वाचून किती हरखला असेल...

पुढे एका सकाळी छापखान्याच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल, आणि चिखल वाळून त्याच्यावर मिठाची पांढरी साय. पागोटं काखेत. मी घाबरून पेटीमागे सरकलो, मला वाटलं आता मारामारी होते.

"संपादक कोण?"

"मी," अप्पा म्हणाले. "का?"

"तुमच्या सांगण्यावरून मी पायगाडी संग्रही ठेवली होती. आज म्हटलं, जरा बाहेर काढावी."

"मग?"

"मग काय. कोलशेतच्या उतारावर ब्रेक दाबला, तिने ऐकलं नाही. खाली मिठागर आहे. मला मिठात घातलंय. लोणचं मुरलं की पाठवतो, अभिप्रायार्थ."

त्यावर दोघं इतकं हसले की मशीनवरचा माणूस मशीन थांबवून बघायला आला. अप्पांनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. राव पाय धुता धुता म्हणाले, "एक विचारू? तुम्ही तिच्यावर बसला होतात?" अप्पांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. "मी? अहो, पुस्तकावर अभिप्राय द्यायचा तर मी काय पुस्तकावर बसतो?" राव म्हणाले, "मग पुढची आली की मला बोलवा. मी बसतो, तुम्ही छापा."

असं ते सुरू झालं. फोर्टातून गाडी आली की राव ती घेऊन जात, आपल्या कामाच्या रस्त्यांवर फिरवत, आणि घामाघूम होऊन थेट माझ्या पेटीपाशी येऊन उभे राहत. लिहून द्या म्हटलं तर नको म्हणत. "लिहायला बसलो की मी गोड बोलायला लागतो रे शिवराम. सगळं छान छान होऊन जातं. अंगाचा घाम वाळायच्या आत बोललो तर खरं बोलतो. तू जुळव." मग ते बोलत आणि मी हाताला येईल त्या वेगाने खिळे उचलत असे. कागद मध्ये येतच नसे. विलायतेच्या एका वर्तमानपत्राने लिहिलेलं की हवा भरलेल्या रबरावरून गेलं म्हणजे गालिच्यावरून गेल्यासारखं वाटतं. राव म्हणाले, "त्या माणसाला मी खोटा म्हणत नाही. तिकडे बाभळी नसाव्यात. आपल्याकडे माजिवड्यापर्यंत गालिचा, पुढे काटे. जुळव." एकदा साखळीत धोतराचा सोगा गेला आणि आगरी बायकांच्या घोळक्यासमोर त्यांची काय गत झाली तेही त्यांनी जुळवायला सांगितलं. अप्पांनी ते कापलं. राव रुसले. "हेच तर कुणी सांगत नाही," म्हणाले. "विलायतेतले लोक पाटलोणी घालून बसतात. धोतर नेसणाऱ्याने काय करायचं ते त्याला कळायला नको?"

वर्तमानपत्रातल्या कौतुकावर किती भरवसा ठेवावा, असं त्यांना पुष्कळ लोक रस्त्यात थांबवून विचारत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "लिहिणारा कुठल्या रस्त्यावर फिरला ते बघा. आणि पान उलटून बघा, मागे त्याच दुकानाची जाहिरात आहे का. असली म्हणजे अभिप्राय खोटा, असं नाही. पण उतारावर जरा बेताने जा."

त्यांना पायगाडीचं वेड होतं असं लोक म्हणत, पण त्यात कामाचाही भाग होता. पूर्वी 'देवीवाला आला' अशी ओरड झाली की बाया मुलांना कणगीमागे दडवत. रावांचा अर्धा दिवस पोरं शोधण्यात जाई. पायगाडी आली आणि सगळं फिरलं. वेशीवर घंटी वाजली की जी पोरं दडायची तीच धावत सुटू लागली. राव एकेकाला पुढच्या दांडीवर बसवून देवळाला वळसा घालून आणत आणि मग अस्तनी वर करायला सांगत. "आधी फेरी, मग टोचणी," असा त्यांचा कायदा होता. बाळकुमला एकदा एक पोरगा टोचून घेऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. रावांनी त्याचा दंड बघितला, म्हणाले, "तुझं झालंय की." तो म्हणाला, "दुसरा हात हाय ना." हे सांगताना राव दर वेळी डोळे पुसत.

आता ती दुपार. फोर्टातल्या त्याच दुकानाची नव्या घडणीची गाडी आली होती. शहापूर, मुरबाडकडचे रावांचे सोबती, तेही देवीवालेच, आमच्या पत्राच्या अभिप्रायाची वाट बघत होते. चांगली ठरली तर ते सगळे घेणार होते. राव तिच्यावरून फिरून आले, नेहमीसारखे पेटीशी उभे राहिले आणि बोलले. 'गाडी देखणी आहे, सपाटीवर लोण्यासारखी जाते. पण उतारावर पुढचा सांधा कुरकुरतो आणि ओल्या चाकाला ब्रेक धरत नाही. मुरबाडच्या मंडळींनी ही घेऊ नये, तिकडे घाटच घाट.' मी जुळवलं. राव गाडी आपल्या अंगणात लावून दुसऱ्या दिवशी मुरबाडलाच फिरतीवर गेले.

आणि नेमका फोर्टातल्या दुकानाचा एजंट ठाण्याला आला, नव्या जाहिरातीचा मजकूर घेऊन. गिरगावातला तरुण माणूस, कोट, गोल टोपी, बोलणं मृदू. टेबलावर अभिप्रायाचं प्रूफ पडलेलं होतं, ते त्याने वाचलं.

"हे कुणी लिहिलं, अप्पासाहेब?"

"आमच्या रघुनाथरावांनी."

"त्यांच्या हातचा कागद दाखवता?"

कागद नव्हता. राव तालुक्यात कुठल्या पाड्यावर असतील ते देव जाणे. एजंट माझ्याकडे वळला. "मग या जुळाऱ्याने मनानेच जुळवलेलं दिसतं. तुमच्यावर माझा काही बोल नाही, अप्पासाहेब. असा माणूस ठेवू नये, एवढंच." तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अप्पांना सुटकेची वाट काढून दिली होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग जाहिरातीच्या मजकुराकडे पाहिलं. शेवटचं अख्खं पान त्या जाहिरातीचं असे. आमचं पत्र त्या पानावर उभं होतं म्हटलं तरी चालेल. अप्पा वाईट नव्हते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "शिवराम, तुझ्याकडून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल का रे?"

मी 'नाही' म्हणालो, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मनचं जुळवतो असं नाव पडलेल्या जुळाऱ्याला कुठला छापखाना दारात उभा करील? मला आमच्या घराचं दार दिसायला लागलं, दारात आई... मी "पाणी पिऊन येतो" म्हणालो आणि मागच्या दाराने सुटलो तो तळ्याकाठच्या गल्लीत रावांच्या घरी.

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि एकच विचारलं, "गाडी मला ढकलता येईल का रे?"

त्यांनी पदर खोचला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू मागून ये." रावांच्या गल्लीने त्या दिवशी जे पाहिलं ते गल्ली अजून सांगते. नऊवारी नेसलेली, माझ्या आईच्या वयाची बाई तळ्याच्या कडेने पायगाडी ढकलत निघाली आहे आणि मागे पोरांची वरात. वळणावर त्यांचा अंगठा चुकून घंटीवर पडला. त्या दचकल्या. पुढच्या वळणावर मात्र तो चुकून पडला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

त्यांनी छापखान्याच्या उंबऱ्याला गाडी टेकवली. अप्पा उठून उभे राहिले.

"अप्पासाहेब, ते शब्द इकडचे आहेत." वहिनी रावांचं नाव न घेता 'इकडे' म्हणत. "इथे सांगून आल्यावर घरीही तेच सांगणं झालं होतं, मी भाकरी थापत होते तेव्हा. सांधा कुरकुरतो तेही आणि मुरबाडच्या मंडळींनी घेऊ नये तेही. शिवरामाने काना-मात्रा इकडची तिकडे केलेली नाही."

एजंट अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, गाडी उत्तम आहे. विलायतेच्या पत्रांनी वाखाणली आहे."

"असेल. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"आई... आणि कुटुंब."

"मग मला एवढंच सांगा, कोलशेतच्या उतारावर हिच्यावर तुमच्या घरच्या माणसाला बसवाल का? हो म्हणालात तर हा शिवराम आत्ता जुळणी मोडेल आणि मी गाडी घेऊन घरी जाईन."

एजंटाने गाडीकडे पाहिलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने पुढचा दांडा धरून वळवला, आणि सांधा सगळ्यांना ऐकू जाईल असा कुरकुरला. दाराबाहेरची पोरं माना लांब करून आत डोकावली. मी नुसता त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. माझं अन्न त्या तोंडातून निघणाऱ्या शब्दावर होतं. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं.

"खरं सांगू, बाईसाहेब? फोर्टातून ठाण्याला मी स्वतः आगगाडीने आलो."

आधी अप्पा हसले. अप्पांचं हसू पोटातून निघायला वेळ लागतो, पण निघालं की आवरत नाही. हसता हसताच ते मला म्हणाले, "शिवराम, मजकूर आहे तसा चढव." मग एकदम त्यांना आठवण झाली आणि त्यांनी भीतभीत विचारलं, "आणि जाहिरात?"

"राहू द्या," एजंट म्हणाला. "अभिप्राय तेवढा तिच्या पाठपानावर घेऊ नका म्हणजे झालं." जाताना तो ती पायगाडी हाताने ढकलतच स्टेशनावर घेऊन गेला. पुढच्या खेपेच्या गाडीचा सांधा जाड आला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

राव मुरबाडहून परतले तेव्हा ही हकिकत त्यांना सगळ्या ठाण्याने वाटेतच सांगितली होती. तरी ती त्यांनी माझ्याकडून पुन्हा ऐकली, आणि घंटीच्या जागी आले तेव्हा छापखान्याच्या पायरीवर बसकण मारून हसत राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक अभिप्रायाची शेवटची ओळ ठरून गेली. 'स्वतः बसेन, घरच्या माणसाला बसवणार नाही.' बहुतेक गाड्यांना हेच मिळे, अगदीच वाईट असली तर 'स्वतःही बसणार नाही.' डोंबिवलीचे एक मास्तर आमचं पत्र हातात आलं की सरळ खाली जात. "वरचं राहू द्या हो," म्हणत, "रघुनाथराव कुणाला बसवतात ते बघा." मला वाटतं, छापलेल्या कौतुकावर किती विसंबावं याचं याहून सोपं माप अजून निघालेलं नाही.

वहिनींची मात्र तक्रार असे. "मला बसवायला नको म्हणून सगळ्या गाड्या वाईट ठरवणं चाललंय." राव म्हणत, "येईल, येईल. दोन बैठकांची तिचाकी येईल. तुला तिच्यावरून कल्याणला माहेरी नाही नेलं तर..." "तर काय?" "तर चालत जाऊ."

ती तिचाकी आली तेव्हा राव खाटेवर होते.

त्यांचे दिवस झाल्यावर मी घरी गेलो. काय बोलायचं या काळजीने ओसरीवरच अवघडून बसलो होतो. इतक्यात आतून घंटी वाजली. रावांनी आपल्या त्या पहिल्या पायगाडीची, मिठागरात गेली होती तिची, घंटी काढून स्वयंपाकघराच्या चौकटीला बसवली होती. पान वाढलं की वहिनी ती वाजवत आणि राव कुठेही असले तरी पोरांसारखे धावत. आता ती माझ्यासाठी वाजली होती. मी आत गेलो. वहिनींनी ताटात भात वाढला आणि विचारलं, "बसलास का त्या तिचाकीवर?"

"बसलो."

"एकटा?"

"दुसऱ्या बैठकीवर अप्पा होते."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं रडतायत. "अप्पासाहेब बसले? पायगाडीवर?"

"बसले. गाडी सगळा वेळ त्यांच्या बाजूला कलत होती. माजिवड्याच्या पुढे डावं चाक हलायला लागलं, तसे अप्पा उतरून चालू लागले. म्हणाले, घाम वाळायच्या आत छापखाना गाठायला हवा."

तो अभिप्राय याच अंकात आतल्या पानावर आहे. अप्पांनी सांगितला, मी जुळवला. शेवटची ओळ मी न विचारता घातली, 'स्वतः बसेन. घरच्या माणसाला अजून बसवणार नाही.' अप्पांनी प्रूफ वाचलं, त्या ओळीपाशी थांबले आणि सही केली. वहिनींना तो मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तूही त्यातलाच निघालास."

वहिनी, त्या दुपारी तुम्ही माझ्यासाठी गाडी ढकलत आलात. त्यातून मला उतराई व्हायचं आहे, आणि ते कसं व्हायचं हे मी ठरवलं आहे. एक दिवस अशी तिचाकी येईल की तिच्याखाली मी 'घरच्या माणसालाही बसवीन' ही ओळ जुळवीन, जी या पत्रात अजून एकदाही छापलेली नाही. ती छापून यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या दारात उभा राहीन. पहिली फेरी कल्याणची. घंटी तेवढी चौकटीवरून काढून बरोबर घ्या.